लिव्हरपूलचा भाव आणि दख्खनची मुदत : कापसाच्या तेजी-मंदीचा एक अभ्यास (१८६१–१८७९)

१. प्रश्नाचे स्वरूप

जागतिक बाजारपेठेतील एखाद्या उलथापालथीचा दूरच्या प्रदेशावर काय परिणाम झाला, हे सांगताना इतिहासग्रंथांतून बहुधा भावाचाच विचार केलेला आढळतो. भाव चढला आणि समृद्धी आली. भाव उतरला आणि संकट कोसळले, अशी ही मांडणी असते. ती खोटी नाही. पण ती अपुरी आहे. भावाच्या एकाच उतारामुळे कोणी काही महिन्यांत सावरतो, कोणी दोन पिढ्या खचतो, आणि कोणाला त्याची झळ पुष्कळ वर्षांनी, मूळ कारण विसरले गेल्यावर लागते. हा भेद का पडतो, याचे उत्तर नुसत्या भावाच्या आलेखात सापडत नाही.

त्यासाठी दुसऱ्या एका गोष्टीकडे वळावे लागते. व्यवहार भावावर ठरतो हे खरे. परंतु तो पुरा होतो मुदतीवर. भाव रोज बदलतो. वायद्याची मुदत काही महिन्यांची असते, कर्जखताची काही वर्षांची, आणि जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताची तर एका पिढीची. चढत्या भावाच्या दिवसांत पत्करलेली बंधने भाव उतरल्याबरोबर उतरत नाहीत; ती आपापल्या मुदतीप्रमाणे चालत राहतात. अशा वेळी कोणाची मुदत कोणाच्या हाती आहे, आणि ती वाढवून किंवा तोडून घेण्याची शक्ती कोणाला आहे, यावर मंदीचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडणार हे ठरते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे पश्चिम हिंदुस्थानात आलेली कापसाची तेजी आणि तिच्यामागून आलेली मंदी हे या दृष्टीने एक उत्तम उदाहरण आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांतील मुंबईच्या वैभवाची कथा सुपरिचित आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत झालेले शेतकऱ्यांचे दंगेही सुपरिचित आहेत. परंतु या दोन प्रकरणांचा अभ्यास बहुधा स्वतंत्रपणे होतो. पहिले नगरेतिहासाच्या, तर दुसरे कृषि-इतिहासाच्या खाती जमा होते. प्रस्तुत निबंधात ही दोन्ही प्रकरणे मुदतीच्या सूत्राने एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे.

२. अमेरिकेतील युद्ध आणि लिव्हरपूलचा बाजार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लँकेशायरमधील सूतगिरण्या ब्रिटनच्या औद्योगिक जीवनाचा कणा होत्या आणि त्या गिरण्यांचे पोषण मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत गुलामांच्या श्रमावर पिकणाऱ्या कापसावर होत असे. १८६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये येणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार-पंचमांश कापूस अमेरिकेचा होता. एकाच देशावर इतके अवलंबून राहणे धोक्याचे आहे, ही जाणीव मँचेस्टरच्या उत्पादकांना नव्हती असे नाही. १८५७ मध्ये तेथे कापूस पुरवठ्यासाठी एक संस्था स्थापन झाली होती, आणि हिंदुस्थानात कापसाची लागवड वाढवावी, रस्ते व लोहमार्ग बांधावेत, अशी मागणी ती सातत्याने करीत होती. परंतु अमेरिकन कापूस लांब धाग्याचा, स्वच्छ आणि पुरेसा स्वस्त असल्यामुळे प्रत्यक्षात फारसा फरक पडला नाही.

एप्रिल १८६१ मध्ये युद्धास तोंड लागले. त्याच महिन्यात अध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. सुरुवातीला तिचा परिणाम मंद होता, कारण आधीच्या हंगामाचा मोठा साठा ब्रिटनमध्ये पडून होता. १८६२ पासून मात्र टंचाई तीव्र झाली. त्या वर्षाच्या अखेरीस लँकेशायर व आसपासच्या भागांत मदतीवर जगणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. १८६१ च्या आरंभी लिव्हरपूल येथे मध्यम प्रतीच्या अमेरिकन कापसाचा भाव पौंडाला सात-आठ पेन्स होता. १८६४ मध्ये तो तीस पेन्सच्या आसपास पोहोचला. ब्रिटनच्या कापूस आयातीत हिंदुस्थानचा वाटा १८६० मध्ये सुमारे १६ टक्के होता. १८६२ मध्ये तो सुमारे ७५ टक्क्यांवर गेला.

या आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. हिंदुस्थानचा वाटा वाढला, तो मुख्यतः अमेरिकेचा कापूस नाहीसा झाल्यामुळे आणि चीनकडे जाणारा अथवा देशी विणकरांच्या मागावर जाणारा माल ब्रिटनकडे वळल्यामुळे. लागवडीखालील क्षेत्र वाढले, पण ते एका रात्रीत वाढण्यासारखे नव्हते. घरातील गाद्या-उशा उसवून त्यांतील कापूस विकल्याच्या ज्या हकीकती त्या काळच्या मुंबईविषयी सांगितल्या जातात, त्यांचा मथितार्थ हाच की, मागणी आजची होती आणि पीक पुढील हंगामाचे होते.

३. नावांची साक्ष

बाजारातील शब्द हेही इतिहासाचे साधन आहे. लँकेशायरमध्ये हिंदुस्थानी कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. वस्तुतः सुरत बंदराचे वैभव केव्हाच ओसरले होते आणि कापूस मुंबईहून जात होता. तरीही जुन्या बंदराचे नाव मालाला चिकटून राहिले. टंचाईच्या वर्षांत या आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या कापसावर काम करताना मागवाल्यांचे धागे वारंवार तुटत आणि कामाच्या नगावर मिळणारी मजुरी घटे. त्यामुळे ‘सुरत’ हा शब्द तेथील बोलीत हलक्या, भेसळीच्या वस्तूचे विशेषण बनला. एका देशातील भरभराटीचा माल दुसऱ्या देशातील कामगाराच्या तोंडी शिवी होऊन बसला होता.

लिव्हरपूलच्या दलालांना मात्र इतक्या स्थूल नावाने भागत नसे. त्यांच्या भावपत्रकांत धोलेरा, भडोच, हिंगणघाट, उमरावती अशी स्थलनामे जातिवाचक झाली. ‘उमरावती’चे ‘उमरा’ असे रूप होऊन पुढे वऱ्हाड, खानदेश व मध्यप्रांत या सर्व भागांतील मालाला ते लावले जाऊ लागले, आणि विसाव्या शतकातही मुंबईच्या कापूस बाजारात ते प्रचारात होते. दूरच्या बाजाराने दिलेले नाव माल पिकविणाऱ्या प्रदेशाच्या व्यापारात परत आले, हे या संबंधातील सत्तेचे गमक मानता येईल.

मराठी शेतकऱ्याच्या भाषेत ‘कापूस’ आणि ‘रुई’ हे दोन भिन्न पदार्थ आहेत. बोंडातून वेचलेला, सरकीसह असलेला तो कापूस. सरकी काढल्यावर उरते ती रुई, आणि तिचे वजन कापसाच्या सुमारे एक-तृतीयांश भरते. लिव्हरपूलचा भाव रुईचा होता. मुंबईचा भावही ७८४ पौंडांच्या खंडीवर, रुईचाच असे. वऱ्हाड-खानदेशातील कुणबी विकीत असे तो कापूस, आणि पुष्कळदा तोही हंगामापूर्वीच सावकाराकडे किंवा अडत्याकडे बोलीने बांधलेला असे. सरकी काढणे, गाठी बांधणे, वाहतूक, दलाली, हुंडणावळ, विमा आणि जहाजभाडे इतक्या पायऱ्या चढून गेल्यावर जो भाव लिव्हरपूलच्या फळ्यावर लागे, तो शेताच्या बांधावरील भावाशी समप्रमाणात नव्हता. त्यातही वाहतूक कठीण होती. नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला तो १८६७ मध्ये, म्हणजे तेजी सरल्यावर. तेजीच्या काळात वऱ्हाडचा माल बराच मोठा पल्ला बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून तोडीत असे.

तेव्हा बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या आणि चांदीचे फाळ केल्याच्या ज्या आख्यायिका पसरल्या होत्या, त्यांना शब्दशः पुरावा मानता येणार नाही. शेतकऱ्याच्या हाती पूर्वी कधी न पाहिलेला पैसा आला, एवढेच त्यांवरून सिद्ध होते. अतिरिक्त भावाच्या आशेने मालात दगड, सरकी, पाणी मिसळण्याचा प्रकार इतका बळावला की, मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

४. मुंबईचा वायदा

या व्यापारात मुंबईच्या वाट्याला आलेला जादा नफा तत्कालीन अंदाजांनुसार सत्तर ते ऐंशी दशलक्ष पौंडांच्या घरात होता. एवढ्या मोठ्या रकमेला तितक्याच वेगाने उत्पादक मार्ग मिळणे शक्य नव्हते. कावसजी नानाभाई दावर यांनी स्थापन केलेली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली होती; परंतु कच्चा कापूसच सोन्याच्या मोलाने विकला जात असताना तो गिरणीत घालणे कोणाला परवडणार? पैसा मग कागदाकडे वळला. जानेवारी १८६५ च्या सुमारास मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ भूमिविकास मंडळ्या, १६ कापूस-दाब मंडळ्या, १० जहाज मंडळ्या, २० विमा मंडळ्या आणि याखेरीज ६२ संयुक्त भांडवलाच्या मंडळ्या होत्या. बॅक बे भरणी मंडळीचा पाच हजार रुपये भरणा झालेला भाग पन्नास हजार रुपयांपर्यंत चढला. प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचा शब्द म्हणजे पत, अशी त्या काळची स्थिती होती.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट, ही तेजी शहराच्या एकाच थरापुरती मर्यादित नव्हती. व्यापारी, दलाल, सरकारी अधिकारी, डॉक्टर, वकील असे सर्वच तीत ओढले गेले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या प्राच्यविद्यापंडितालाही तिची जबर झळ लागली. दुसरी गोष्ट, सरकारचे भांडवल आणि सरकारनियुक्त संचालक असलेली बँक ऑफ बाँबे हीच या उलाढालीचा एक मोठा आधार बनली होती. १८६३ च्या नव्या कायद्याने तिच्या कर्जव्यवहारावरील जुनी बंधने सैल झाली, आणि मंडळ्यांच्या भागांच्या तारणावर मोठमोठी कर्जे दिली गेली. म्हणजे तारणाची किंमत भागाच्या भावावर, भागाचा भाव कापसाच्या भावावर आणि कापसाचा भाव अटलांटिकपलीकडील युद्धाच्या बातमीवर, असा हा डोलारा उभा होता.

‘वायदा’ या शब्दाचा मूळ अर्थ वचन असा आहे. बाजारात त्याला भावी तारखेस माल किंवा भाग देण्या-घेण्याचा करार हा अर्थ आला. भाग खरेदी-विक्रीचे असे असंख्य वायदे १ जुलै १८६५ या तारखेस पुरे व्हावयाचे होते. परंतु ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली आणि युद्ध संपल्यात जमा झाले. शांततेच्या वावड्यांनी भाव त्याआधीच डळमळू लागले होते. आता ते कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा देणे कोणालाच शक्य नव्हते, आणि प्रत्येकाचे देणे दुसऱ्याच्या देण्यावर अवलंबून होते. बँक ऑफ बाँबेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांना मिळू लागला. मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही प्रख्यात पेढी बुडाली, तेव्हा राहिलेल्या पेढ्यांनाही धक्का बसला. बँक ऑफ बाँबे १८६८ मध्ये मोडीत निघाली. तिच्या कारभाराची चौकशी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने केली. शहराची लोकसंख्या १८६४ च्या गणनेत ८,१६,५६२ होती, ती १८७२ च्या गणनेत ६,४४,४०५ भरली. दोन्ही गणनांच्या पद्धतींत फरक असला, तरी लोकांची ओहोटी त्यातून स्पष्ट दिसते.

मात्र या विनाशाचे स्वरूप कसे होते? तो भयंकर होता, परंतु अल्पमुदतीचा होता. वायद्याची तारीख ठरलेली होती. त्या तारखेस सर्व खोटी पत एकदम उघडी पडली. १८६५ मध्येच मुंबईतील दिवाळखोर व्यापाऱ्यांच्या देण्या-घेण्याचा निकाल लवकर लागावा म्हणून खास कायदा झाला. धनको आणि ऋणको यांनी तडजोड करून रुपयात काही आणे घेणे-देणे आणि नवे खाते उघडणे शक्य झाले. १८६८ मध्येच बँक ऑफ बाँबे नव्याने स्थापन झाली. तिचीच परंपरा १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये स्टेट बँकेत मिळाली. किल्ल्याचा तट पाडून मोकळी झालेली जागा, समुद्र हटवून मिळविलेली जमीन, प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पुरा झालेला विद्यापीठाचा राजाबाई मनोरा, ही तेजीची शिल्लक शहराजवळच राहिली. या आपत्तीत पोळलेल्या घराण्यांपैकी एका घराण्यातील जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला, म्हणजे कापसाच्या उगमापाशीच, एम्प्रेस गिरणी सुरू केली. शहराने आपली मुदत तोडून घेतली आणि ते पुन्हा उभे राहिले.

५. दख्खनचे खत

खेड्यातील मुदत निराळी होती. पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत येतात. ज्वारी-बाजरी हे तेथील मुख्य पीक. येथे कापूस फारसा पिकत नव्हता, मग कापसाच्या तेजीशी या भागाचा संबंध काय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अभ्यासकांनी घेतलाही आहे. आक्षेपातील वस्तुस्थिती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र बरोबर नाही. जागतिक भाव एखाद्या प्रदेशात पोहोचतो तो केवळ त्या भावाच्या पिकावाटे नव्हे. कापसाखाली गेलेल्या जमिनीमुळे धान्य महागले. बोरघाटातील लोहमार्गाच्या बांधकामावर १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर मजूर काम करीत होते. ते काम आणि त्यासारखी इतर बांधकामे यांमुळे मजुरीचे आणि गाडीभाड्याचे दर चढले. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी गाडी-बैल असत. त्याला भाड्याचा पैसा मिळू लागला. थोडक्यात, ज्याने कापूस पेरला नाही, त्याच्याही हाती कापसाचा पैसा आला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची पत वाढली. महसूल पद्धतीच्या सुधारणेनंतर जमिनीवरील हक्क विकता आणि गहाण ठेवता येण्याजोगा झाला होता. जमिनीचे मोल वाढले तसा सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागला. चढत्या भावाच्या दिवसांत हे कर्ज जड वाटले नाही. लग्नकार्य, बैलजोडी, विहीर अशा कारणांसाठी घेतलेल्या रकमा खतावर चढत गेल्या.

याच वेळी कायद्याने खताची मुदत आखडली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची ठरली. हेतू चांगला होता: जुनी, शिळी देणी उकरून काढून ऋणकोस छळता येऊ नये. परिणाम उलटा झाला. पूर्वी सावकार थांबू शके, कारण थांबल्याने त्याचा हक्क बुडत नसे. आता तीन वर्षे भरत आली की, एक तर दावा लावावयाचा, नाही तर व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घ्यावयाचे. ऋणको बहुधा निरक्षर. खत सावकाराच्या घरी लिहिले जाई, आणि न्यायालय खतावरील आकडा प्रमाण मानी. अशा रीतीने दर तीन वर्षांनी चक्रवाढीचा एक फेरा पुरा होऊ लागला. मुदत कर्जदाराच्या रक्षणासाठी केली. ती त्याच्याच पायातील बेडी झाली.

भावाच्या उताराचे दोन टप्पे येथे वेगळे केले पाहिजेत. १८६५ मध्ये कापसाचा भाव कोसळला खरा, पण युद्धपूर्व पातळीवर तो लगेच आला नाही. धान्याचे भावही आणखी काही वर्षे चढेच राहिले. त्यामुळे मुंबईत हाहाकार माजला असताना दख्खनमध्ये जुनी राहणी आणि जुनी पत चालू राहिली. १८७०–७१ नंतर मात्र धान्याचे भाव खाली आले, लोहमार्गाची कामे सरली, आणि अमेरिकेने ब्रिटिश बाजारातील आपले स्थान पुन्हा मिळविण्यास आरंभ केला. सावकाराने हात आखडता घेतला आणि तो जुन्या खतांची वसुली करू लागला. शहराचे खोटे मोल एका दिवसात उघडे पडले होते. खेड्याचे ते तीन-तीन वर्षांच्या खतांतून, हप्त्याहप्त्याने उघडे पडत गेले.

६. तीस वर्षांचा बंदोबस्त

या ओझ्यात सरकारी मागणीची भर पडली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पद्धतीने जमिनीची मोजणी व प्रतबंदी करून तीस वर्षांसाठी सारा ठरविण्यास १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात आरंभ झाला. तो काळ मंदीचा होता, त्यामुळे आकारणी हलकी ठेवावी लागली. तीस वर्षांची मुदत संपली ती १८६६ च्या सुमारास, म्हणजे तेजीच्या नेमक्या शेवटी. फेरतपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे दोन भक्कम कारणे होती: भाव वाढलेले आणि लोहमार्ग आलेला. सारा चांगलाच वाढविण्यात आला, आणि पुढील काही वर्षांत शेजारच्या तालुक्यांतही तेच झाले.

अधिकाऱ्यांनी आकडे खोटे घेतले असे म्हणता येणार नाही. ज्या वर्षांचे भाव त्यांनी पाहिले, ते खरेच तसे होते. दोष होता तो मुदतीच्या विसंगतीचा. चार-पाच वर्षांच्या अपवादात्मक भावाची छाया ज्या सरासरीवर पडली होती, तिच्या आधाराने पुढील तीस वर्षांची मागणी ठरविली गेली. बाजाराची चूक वायदा दुरुस्त करतो, कारण त्याची तारीख जवळ असते; बंदोबस्ताच्या कागदावर लिहिलेली चूक एक पिढी टिकते. पुणे सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) या प्रश्नाची चौकशी करून शेतकऱ्यांची बाजू मांडली. ऑक्टोबर १८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीवर मर्यादा घातली: तालुक्याच्या आकारणीत ३३ टक्के, गावाच्या आकारणीत ६६ टक्के आणि एका खात्यावर दुपटीपेक्षा अधिक वाढ नसावी. या मर्यादा ज्या सैलपणे घालाव्या लागल्या, त्यावरून आधीची वाढ कोणत्या प्रमाणात झाली असेल याची कल्पना येते.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, दंगा उसळला. पाठोपाठ पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी तसेच प्रकार घडले. त्यांचे स्वरूप सर्वत्र सारखे होते. जमावाचे लक्ष्य मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांकडील खते व वह्या हे होते. जेथे खते मुकाट्याने हवाली केली गेली, तेथे सावकारास सहसा इजा झाली नाही. खत जाळणे म्हणजे काय? धान्य लुटणाऱ्याला आजची भूक भागवायची असते. खत जाळणाऱ्याला उद्याची तारीख पुसून टाकायची असते. व्यापाऱ्याला जी सुटका दहा वर्षांपूर्वी कायद्याने मिळाली होती, ती कुणब्याने आगीतून मिळविण्याचा प्रयत्न केला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

दंग्यांच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे महत्त्व फुगविले गेल्याचे प्रतिपादन केले. बंडाची तीव्रता आणि दीर्घकालीन परिणाम या दृष्टीने त्यांचा इशारा विचारात घ्यावा लागेल. परंतु दंगे लहान होते म्हणून कर्जही लहान होते, असे अनुमान निघत नाही. सरकारने नेमलेल्या दंगा-चौकशी आयोगालाच असे आढळले की, पाहणी केलेल्या भागांतील सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले होते, आणि त्यांचे कर्ज त्यांच्या साऱ्याच्या सरासरी अठरापट होते. १८७६–७८ च्या दुष्काळाने उरलेसुरले बळ खचविले. अखेर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा संमत झाला. खतावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला, कर्जापायी अटक करणे बंद झाले, खतांच्या नोंदणीची सोय झाली आणि दाव्याची मुदत वाढविण्यात आली. या कायद्यातूनही पळवाटा निघाल्या. गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची प्रथा त्यांपैकीच एक. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ मध्ये, म्हणजे या कायद्यानंतर, ही गोष्ट बोलकी आहे.

७. समारोप

एकच जागतिक घटना निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या मुदतींना भेटते, याचा पडताळा अन्यत्रही येतो. ईजिप्तमध्येही याच युद्धामुळे कापसाची तेजी आली. तेथे लांबलचक मुदतीची कर्जे काढली ती खुद्द राज्यकर्त्याने. खेदीव इस्माईल १८६३ मध्ये गादीवर आला तेव्हा कापसाचा भाव चढत होता. त्या उत्पन्नाच्या भरवशावर युरोपातून कर्जे उभारली गेली. १८७५ मध्ये सुएझ कालव्याचे भाग ब्रिटनला विकावे लागले, १८७६ मध्ये परकी धनकोंचा आयोग बसला, १८७९ मध्ये इस्माईल पदच्युत झाला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजांनी देश व्यापला. दख्खनमध्ये खातेदाराचे जे झाले, तेच तेथे राज्याचे झाले.

वऱ्हाडाचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथे कापूस प्रत्यक्ष पिकत होता आणि तेजीनंतरही त्याखालील क्षेत्र टिकले, वाढलेही. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये मुंबईचा विलायतेशी समुद्री तारेने संबंध जोडला गेला. खामगाव व अमरावतीच्या बाजारांत लिव्हरपूलचा भाव थोड्याच वेळात कळू लागला. परंतु भाव लवकर कळणे आणि त्या भावाप्रमाणे आपली देणी बदलता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तारेने पहिली गोष्ट साधली. दुसरी साधली नाही. धान्याऐवजी रोख पिकावर विसंबलेल्या या प्रदेशाला १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी जो तडाखा दिला, त्याची बीजे या विसंगतीतही शोधावी लागतील.

वरील विवेचनावरून काढता येणारा निष्कर्ष असा. आंतरराष्ट्रीय व्यापारातील तेजी-मंदीचा परिणाम मोजताना भावाचा चढउतार ही केवळ पहिली पायरी होय. त्यानंतर प्रत्येक थरावर कोणत्या मुदतीचे बंधन होते, ते कोणत्या वर्षी पत्करले गेले, आणि ते मोडण्याची वाट कायद्याने कोणास किती लवकर खुली करून दिली, हे पाहणे अवश्य आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याला ती वाट भाव कोसळले त्याच वर्षी, १८६५ मध्ये मिळाली. दख्खनच्या खातेदाराला ती १८७९ मध्ये, दंगे आणि दुष्काळ यांच्यानंतर मिळाली. एकाच तेजीची ही दोन देणी होती. त्यांच्या फेडीची वाट खुली होण्यात चौदा वर्षांचे अंतर पडले.